कान-नाक-घसा: रविवारच्या फ्रेंच क्लासबद्दल

आधी हितसंबंध सांगून टाकते. या क्लासची छापील पानं माझ्याच दुकानात टाइप होतात आणि झेरॉक्सही माझ्याकडेच निघतात. त्यामुळे खाली त्या पानांना जी नावं ठेवली आहेत ती मी स्वतःलाच ठेवली आहेत असं समजा. फी मात्र पूर्ण भरली, बारा रविवारांचे ४,८०० रुपये. ओळखीची सवलत मागितली नाही, मिळालीही नाही.

माझं दुकान नाशिकला अशोक स्तंभाजवळ आहे. डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन. एकवीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, गणेश मंडळांची पावतीपुस्तकं, सगळं केलंय. फ्रेंच कधी केलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात साठीच्या आसपासच्या एक मॅडम हाताने लिहिलेले तीस कागद घेऊन आल्या. नोकरीची बरीच वर्षं पाँडिचेरीत काढलेल्या, आता कॉलेज रोडच्या मागे राहतात. क्रियापदांचे तक्ते होते, डोक्यावर टिंबं-टोप्या असलेली अक्षरं होती. मी दोन कॉलमांत बसवून दिलं. कॉलम अरुंद, म्हणून ओळी भरून दिसाव्यात यासाठी शब्द आपोआप तुटण्याची सोय चालू ठेवली. लहान टाइपात काम सुबक दिसतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम परत. ‘ते बोलतात’ याचं फ्रेंच क्रियापद ओळीच्या टोकाला तुटलं होतं. वर पी-ए-आर आणि जोडरेघ, खाली एल-ई-एन-टी.

मी म्हटलं, “चुकलं का?”

“चुकलं नाही हो ताई. लिहिण्याच्या नियमाने ते तिथेच तुटतं. दोन व्यंजनं शेजारी आली की एक वर, एक खाली. पण माझी मुलं हे बघून दोन तुकडे म्हणतील. आणि तोंडात तो एकच तुकडा आहे.”

“म्हणजे?”

“पार्ल. संपलं. पुढचं सगळं कागदासाठी.”

मग म्हणाल्या, क्रियापद कुठेच तोडू नका. मी म्हटलं, ओळी विरळ दिसतील, मध्ये भोकं पडतील. त्या म्हणाल्या, पडू देत. एकवीस वर्षांत ‘भोकं पडू देत’ म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक. मी तिथेच नाव नोंदवलं.

खरं कारण घरात होतं. लेकीने अकरावीला फ्रेंच घेतलंय, सगळे घेतात त्याच कारणाने, मार्क पडतात म्हणून. आधी ती दुसऱ्या एका क्लासला जायची. तिथे तक्ते घोकून घ्यायचे. तिला सहाच्या सहा रूपं लिहिता यायची आणि वाचून दाखव म्हटलं की ‘पार्लेंट’ म्हणायची. मोबाइलवरचं एक ॲपही होतं. ते तिच्या प्रत्येक उच्चाराला शाबासकी द्यायचं, एकदा मागे आमचा मिक्सर चालू होता तर त्यालाही दिली.

क्लास पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये भरतो, रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ. आमच्या बॅचला अकरा जण. माझ्या लेकीसारख्या चार मुली, एक नर्स, एक इंजिनिअरिंगचा मुलगा, एक निवृत्त गृहस्थ, गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरीत पाहुण्यांना चव दाखवायचं काम करणारी दोन मुलं, आणखी एक बाई आणि मी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या. फळा नाही. मुद्दाम नाही, हे नंतर कळलं.

पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, ‘ते’च्या क्रियापदाला शेवटी कोणती अक्षरं लागतात? मुली एका सुरात म्हणाल्या, ई-एन-टी. “ईएनटी म्हणजे काय?” सगळे गप्प. “कान-नाक-घसा. तोंड त्यात येतच नाही. ही तीन अक्षरं लिहायची आणि गिळायची.” हा विनोद त्यांनी दर बॅचला केला असणार. तरी सांगते, लेकीचं ‘पार्लेंट’ त्या एका वाक्याने गेलं, जे वर्षभर गेलं नव्हतं.

आणि क्लासही खरोखर त्याच तीन खोल्यांतून फिरतो. नाकाची तपासणी चिमटीने होते. ‘आम्ही बोलतो’ म्हणजे नू पार्लों. यातला शेवटचा ‘ओं’ म्हणताना नाक दाबायचं. आवाज बदलला, कोंडला, तर स्वर नाकातून येतोय, बरोबर. नाक सोडल्यावर शेवटी जीभ टाळ्याला लागून ‘पार्लोन’ ऐकू आलं तर चूक. अकरा माणसं रविवारी सकाळी नाक धरून बसली आहेत आणि जिन्यातून दूधवाला बघतोय, हे दृश्य फीमध्येच येतं. घशाचा भाग ‘र’साठी. आपला र जिभेच्या टोकाचा, त्यांचा पडजिभेजवळचा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करताना जिथे खुळखुळतं तिथला. निवृत्त गृहस्थांना तो पहिल्याच फटक्यात आला. सर्दी होती म्हणाले.

तुकड्यांची मोजणी तळहाताने. हात हनुवटीखाली धरायचा, शब्द म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा खाली येऊन हाताला टेकेल तितके तुकडे. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात, या चारही रूपांचं स्पेलिंग सारखं नाही, पण हनुवटी एकदाच हलते. पार्ल, पार्ल, पार्ल, पार्ल. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ला दोनदा: पार्-लों, पार्-ले. सहा ओळींचा तक्ता कानाला तीनच आवाजांचा. हे मी स्वतः टाइप केलेलं होतं, चारदा तपासलं होतं, आणि मला पाच वेगळे शब्द दिसत होते.

मॅडमचं म्हणणं असं की शब्दाचे दोन प्रकारे तुकडे पडतात, एक ओळीच्या टोकाचे आणि एक श्वासाचे. कागदाचे नियम त्यांनी दहा मिनिटांत उरकले. दोन स्वरांत एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. दोन असतील तर मधून तुटतात, पण दुसरं एल किंवा आर असेल आणि पहिल्याशी जुळत असेल तर जोडी फोडायची नाही. सी-एच आणि जी-एन या जोड्या एकाच आवाजाच्या, त्याही फोडायच्या नाहीत. जी-एन म्हणजे आपला ‘न्य’. ‘जिंकणे’ म्हणजे गा-न्ये. इथे वाइनरीतली मुलं एकदम जागी झाली, कारण सोव्हिन्यों हा शब्द ती दिवसातून पन्नासदा म्हणतात आणि त्यात तोच न्य आहे. त्यांच्याकडून मॅडमनी ‘चव घेणार का?’ हा प्रश्नही बसवून घेतला: वू वूले गूते? त्यातल्या वूलेच्या शेवटी ई-झेड, गूतेच्या शेवटी ई-आर, कानाला दोन्हीकडे फक्त ए.

उरलेला सगळा वेळ तोंडाच्या तुकड्यांना. माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात.

‘हाक मारणे’ हे क्रियापद घ्या. ‘माझं नाव अमुक’ म्हणायलाही तेच लागतं, म्हणून पहिल्या दिवशीच गाठ पडते. ‘मी’च्या रूपात ते आ-पेल होतं, आणि ‘आम्ही’च्या रूपात आ-प्लों. मधला ए कुठे गेला? लिहिताना आहे, बोलताना गायब. आणि स्पेलिंगमध्ये पहिल्याला एल दोन, दुसऱ्याला एक. ‘विकत घेणे’चंही तसंच: आ-शेत, पण आश्-तों. इथे टी दुप्पट होत नाही, ई वर उतरती रेघ येते. मुलींनी हे नियम म्हणून पाठ केलं होतं आणि दर वेळी उलटं लिहायच्या.

मी घरी जाताना स्कूटरवर ‘आपेल, आप्लों’ म्हणत होते. मेहेर सिग्नलला थांबले होते. शेजारी टेम्पोतून सामान उतरवणारा माणूस पोराला म्हणाला, “उचल की.” मग दोघांना म्हणाला, “उचला रे.” आणि माझी ट्यूब पेटली. उ-चल. उच्-ला. च मधला अ कुठे गेला? लिहिताना आहे, बोलताना गायब! पकड, पण पक्-डा. समज, पण सम्-जा. आपण हे जन्मापासून करतो. शेवटी ‘आ’चा काना आला की मधला अ आपोआप पडतो, शेवटी काही नसलं की तोच अ उभा राहतो. कुणी शिकवलं नाही, कुणी तक्ता दिला नाही. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न मारला, तरी मी पक्डा-पकड करत होते.

पुढच्या रविवारी मॅडमना सांगितलं. त्या खुर्चीतून उठल्याच. “हे मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही,” म्हणाल्या, आणि त्या दिवशीचा अर्धा तास आम्ही मराठी क्रियापदांवर हनुवट्या आपटल्या. एक फरक त्यांनी लगेच दाखवला. आपण तो अ कागदावर लिहितच नाही, तो अक्षराच्या पोटात असतो, त्यामुळे पडला काय आणि राहिला काय, लेखनात काही बदलत नाही. फ्रेंचांना मात्र तो ई लिहून ठेवावा लागतो, आणि तो जिवंत आहे की मेलेला हे दाखवायला कुठे व्यंजन दुप्पट करतात, कुठे वर रेघ मारतात. म्हणजे दोन एल ही शिक्षा नसून खूण आहे: इथे ए म्हणा. त्यानंतर लेकीची या क्रियापदांत चूक झालेली मी पाहिली नाही. हे लिहून ठेवते आणि लाकडाला हात लावते.

मेलेला ई सगळीकडे मेलेला नसतो. ‘मी देईन’ हे भविष्यकाळी रूप दॉन्-रे, मधला ई पडतो. पण ‘मी बोलेन’ म्हणताना पार्-ल-रे, ई हलकासा उरतो, कारण तो गेला तर र, ल आणि पुन्हा र अशी तीन व्यंजनं एकमेकांवर आदळतात. मोरीस ग्रामों नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने याला तीन व्यंजनांचा नियम म्हटलं. गाण्यात आणि जुन्या छंदोबद्ध कवितेत तर नेहमीच्या बोलण्यात पडणारे ई बऱ्याच जागी मोजले जातात. आपणही ओवी गाताना ‘कर्तो’ न म्हणता क-र-तो असं सुटं करतोच की.

तिसऱ्या रविवारचा खेळ मला सगळ्यात आवडला. मॅडम एक रूप म्हणतात. एकवचन वाटलं तर एक बोट, अनेकवचन वाटलं तर पंजा. ई-लेम: एक बोट, ‘तो प्रेम करतो’. ईल-जेम, जहाजातला ज: पंजा, ‘ते प्रेम करतात’. क्रियापद दोन्हीकडे ‘एम’च आहे. फरक आधीच्या सर्वनामातल्या मुक्या एसचा, जो पुढे स्वर आल्यावर जागा होऊन ज बनतो आणि पुढच्या तुकड्यात जाऊन बसतो. वां म्हणजे ‘तो विकतो’, वांद म्हणजे ‘ते विकतात’. शेवटचा द वाजला की पंजा. तुकडा दोन्हीकडे एकच, फक्त दार उघडं की बंद. फिनी एक बोट, फिनिस पंजा. ईल-सों आणि ईल-जों यात नर्सबाई सारख्या फसायच्या. पहिलं ‘ते आहेत’, दुसरं ‘त्यांच्याकडे आहे’. एका स ने पेशंट आणि पेशंटची फाइल यांची अदलाबदल होते म्हणायच्या.

मग मॅडम म्हणाल्या, “ईल पार्ल.” इंजिनिअरिंगच्या मुलाने ताठ एक बोट वर केलं. “का?” ज ऐकू आला नाही म्हणून. “पुढे स्वर कुठे आहे ज यायला?” त्याने बोटाचा पंजा केला. “का?” मग पुन्हा बोट. शेवटी हात खाली घेतला. “हं, आता बरोबर. ओळखता येत नाही, हेच उत्तर आहे. फ्रेंच माणसालाही नुसत्या तेवढ्यावरून येत नाही, तो मागचं-पुढचं ऐकतो.” ज्या शिक्षकाच्या क्लासमध्ये ‘सांगता येत नाही’ला पूर्ण मार्क आहेत तिथे मुलांची भीती मोडते. मी तरी असं पहिल्यांदाच पाहिलं.

फ्रेंच मुलांना चिडवायला एक वाक्य असतं म्हणे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात. ले पूल द्यु कूवां कूव. शेवटचे दोन शब्द लिहायला अक्षरन् अक्षर सारखे. पहिला ‘मठ’, दोन तुकडे, ईएनटी नाकातून. दुसरा ‘उबवतात’, एक तुकडा, ईएनटी पोटात. मी ते टाइप केलं तेव्हा शब्द चुकून दोनदा पडला असं समजून एक काढून टाकला होता. छापलेल्या शंभर प्रतींत मठातल्या कोंबड्या नुसत्याच होत्या, काही करत नव्हत्या.

मी विचारलं, न बोलायचं ते लिहितात कशाला? मॅडम म्हणाल्या, लॅटिनमध्ये ‘ते’च्या क्रियापदाच्या शेवटी ‘न्त’ यायचा, बोलण्यातून झिजला, कागदावर राहिला. माझे आजोबा ‘नांव’ आणि ‘कांहीं’ लिहायचे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आले आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार आपण पुसले. जुनं पुस्तक नव्याने टाइप करायला आलं की मीच ते पुसत बसते. फ्रेंचांनीही १९९० साली थोडी साफसफाई केली. दुप्पट एल-टीच्या बऱ्याच क्रियापदांना रेघेचा पर्याय दिला, पण नेमकं हे ‘हाक मारणे’ आणि ‘फेकणे’ जुन्याच वेषात ठेवलं. ईएनटीला तर कुणी हातही लावला नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीने बरंच आहे, अक्षरं जास्त.

आता तक्रारी. बारा रविवार कमी पडतात. वर्तमानकाळ भरपूर होतो, भविष्यकाळ ठीक, भूतकाळाला दोनच दिवस मिळाले. ‘जवळ असणे’चं भूतकाळी रूप म्हणून ई-यू लिहून ओठ उ चे आणि जीभ ई ची ठेवून एकच स्वर काढायचा असतो, त्यावर अजून सराव हवा होता. ‘करणे’च्या ‘आम्ही’ रूपात ए-आय लिहून अ म्हणायचा, फ-जों, ‘तो’ला मात्र फे, असे अपवाद मॅडम बोलता बोलता सांगून जातात, कुठे लिहिलेलं नसतं. ब्लूटूथचा स्पीकर करकरतो. नाकातले तीन स्वर त्यातून एकच ऐकू येतात. खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि ऑगस्टमध्ये पलीकडच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू झाला. नाशिक ढोलचं कौतुक मलाही आहे, पण त्याच्यापुढे फ्रेंचांचा हलकासा ई टिकत नाही. शेवटचे तीन वर्ग वाया गेले म्हणा. एक त्यांनी नंतर मोबाइलवर घेतला, दोन राहिलेच. मॅडमना वेळेचं भान नाही, साडेनऊचे दहा होतात. खाली गाडी लावायला जागा नाही. लिहिण्याचा गृहपाठ अजिबात नसतो, त्यामुळे फक्त परीक्षेच्या मार्कांसाठी येणाऱ्यांना हा क्लास पुरणार नाही. लेकीला कॉलेजच्या पेपरसाठी वेगळी तयारी करावीच लागली.

लहान मुलांना पाठवू नका, कंटाळतील. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी घाबरू नये. उलट त्यांना फायदाच आहे, हे मी वर्गात बघितलं. फ्रेंच त हा आपला दातांचा त आहे, प आणि क हवा न सोडता म्हणायचे, आणि जहाजातला ज आपल्याकडे तयार असतो. इंग्रजी वळणाच्या मुलींना ट चा त करायला महिना लागला. ‘मी’च्या फ्रेंच शब्दात मात्र सगळेच अडकतात. तो झाडातला झ नाही, ज ही नाही. श म्हणत राहायचं आणि म्हणतानाच गळा घुमवायचा, तेव्हा कुठे सापडतो.

मी पुढच्या बॅचला पुन्हा बसणार आहे, भूतकाळ राहिला म्हणून. तोवर आमच्या बॅचवाल्यांसाठी: पान सातवर तिसऱ्या ओळीत ‘आम्ही सुरू करतो’ या रूपात सी खालची शेपटी माझ्याकडून राहून गेली आहे. शेपटी नसली की ते कॉ-मां-कों वाचलं जाईल, हवंय कॉ-मां-सों. पेनाने काढून घ्या. पान अकरावर कोंबड्यांच्या पुढे एक कूव वाढवा. नवीन प्रती काढल्या आहेत, दुकानातून घेऊन जा, त्याचे पैसे लावणार नाही.